माळ्यावरच्या तबकड्या आणि मैफलींच्या कॅसेट: आधी काय करावं, मग काय ऐकावं

प्रश्न असा आहे: आजोबांच्या घरी माळ्यावर सत्तरेक लाखेच्या तबकड्या, तीसेक एल.पी. आणि दीडशेच्या आसपास कॅसेट सापडल्या आहेत. बहुतेक शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत. यातलं काय ठेवावं, कशावर वाजवावं, संगणकावर कसं उतरवावं, आणि हे संगीत नव्यानं ऐकू लागलेल्या माणसानं पुढचं कसं शोधावं?

सगळ्यात आधी: अजून काहीही वाजवू नका, पुसू नका आणि खोक्यांचा क्रम मोडू नका. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी कॅसेटी टेबलावर ओतल्या जातात आणि कुठली कॅसेट कुठल्या कव्हरात होती हे कायमचं हरवतं. मैफलींच्या कॅसेटींत तर निम्मी माहिती कव्हरावरच्या पेन्सिलीच्या अक्षरात असते. मोबाइलवर प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. तबकडीचं दोन्ही बाजूंचं लेबल, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा, कागदी पाकिटावरचा दुकानाचा शिक्का, कॅसेटच्या दोन्ही बाजू, आतलं इनले कार्ड, चिठ्ठी असली तर तीही. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि तो पाकिटावर मऊ पेन्सिलीनं लिहा. लेबलावर काही लिहू नका, चिकटपट्टी तर कुठेच लावू नका.

लेबलाभोवती कोरलेला आकडा हा मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची ओळख. लेबलावर छापलेला असतो तो कॅटलॉग क्रमांक, म्हणजे विक्रीचा. एकच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या कॅटलॉग क्रमांकानं किंवा दुसऱ्या लेबलवर पुन्हा निघालेलं असू शकतं, पण मॅट्रिक्स क्रमांक सहसा तोच राहतो. जुन्या तबकडीवर साल बहुधा नसतंच, ते या आकड्यांवरून काढावं लागतं. त्यासाठी मायकेल किनिअर या अभ्यासकाच्या ध्वनिमुद्रिकांच्या सूची आणि मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'चं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक हे दोन आधार सर्वांत भरवशाचे. सुरेश चांदवणकरांनी या संस्थेचं काम वर्षानुवर्षं चालवलं, आणि मराठी नाट्यसंगीताच्या तबकड्यांविषयी त्यात मिळतं तेवढं एकत्र दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता क्रम. तबकड्या जास्त जुन्या म्हणून लोक आधी त्या घेतात. माझं मत उलटं आहे. सर्वांत आधी हातानं नावं लिहिलेल्या कॅसेटी घ्या. बाजारात निघालेल्या तबकडीच्या किंवा कॅसेटच्या प्रती दुसऱ्या कुणाकडे तरी असतात. घरगुती मैफल, गणेशोत्सवातलं गाणं, रेडिओवरून उतरवून घेतलेला कार्यक्रम यांची मात्र तुमच्याकडची प्रत एकुलती एक असण्याची शक्यता खरीखुरी आहे. शिवाय लाखेची तबकडी शंभर वर्षं कोरड्या जागी उभी राहू शकते, कॅसेटची फीत मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होत असते. म्हणून हस्तलिखित कॅसेटी, मग तबकड्या, मग एल.पी., आणि बाजारातल्या कॅसेटी शेवटी. त्यातही पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकांच्या असतील तर वर घ्या, कारण असं बरंचसं साहित्य पुन्हा निघालेलं नाही.

कॅसेट वाजवण्याआधी खिडकीतून फितीची कड पाहा. पांढरे ठिपके किंवा पावडर दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घातलीत तर बुरशी हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) आणि रबरी रोलरला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा आणि जाणकाराकडे द्या. मग पाहायची ती तोंडाशी असलेली नमद्याची छोटी गादी. तांब्याच्या पातळ पट्टीवर चिकटवलेली ही गादी फितीला हेडवर दाबून धरते. चाळीस वर्षांत तिचा गोंद सुकतो आणि गादी गळून पडते. मग आवाज दबका येतो, मध्येच गायब होतो, आणि लोक समजतात की फीतच गेली. कवच चार-पाच स्क्रूंचं असेल तर उघडून, नव्या कॅसेटमधली गादी काढून बसवता येते. कवच स्क्रूंशिवाय चिकटवलेलं असेल तर ते जपून फोडून फितीच्या दोन्ही चकत्या स्क्रूच्या रिकाम्या कवचात हलवाव्या लागतात. आतले सरकते कागद आणि रोलर यांची जागा आधी फोटोत घेऊन ठेवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठ मिनिटांच्या फितीहून बरीच पातळ असते आणि एकशेवीस मिनिटांची तर केसासारखी, तिला रिवाइंडचे झटके सोसत नाहीत. वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत सैलावते.

यंत्राबाबत आग्रहानं सांगतो: यूएसबीची तार लावलेले स्वस्त नवे कॅसेट प्लेअर घेऊ नका. त्यांचा वेग डगमगतो, आणि षड्जावर स्थिर उभा असलेला सूर थरथरायला लागला की शास्त्रीय गाण्यात उरलं काय? जुना, चांगल्या प्रतीचा डेक घ्या, त्याचे रबरी पट्टे बदलून घ्या, हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा पुसा. डेकच्या लाइन आउटमधून तार बाहेरच्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात पोचवणाऱ्या छोट्या पेटीला, जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, ते पुष्कळदा मोनो असतं आणि दुबळ्या संकेतासाठी बनलेलं असतं, त्यामुळे आवाज फाटतो.

दर कॅसेटला एक गोष्ट करावीच लागते, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत. ज्या यंत्रावर ती मैफल उतरवली गेली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन जुळत नाही. फरक केसाएवढा असला तरी वरचे सूर, तानपुऱ्याची झंकार आणि तबल्याच्या चाटीचा टणत्कार पुसट होतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. एका जागी पडदा सरकल्यासारखा आवाज उघडतो, तिथे थांबा. आधीची जागा रंगाच्या ठिपक्यानं खुणावून ठेवा आणि काम झालं की परत तिथे आणा. हे ध्वनिमुद्रणाआधीच करायचं, कारण फितीवरून न उचलले गेलेले वरचे सूर नंतर संगणकावर आणता येत नाहीत. डॉल्बीचं (फितीची खरखर कमी करण्याच्या पद्धतीचं) बटण फक्त कॅसेटवर तशी खूण असेल तरच दाबा. घरगुती मैफलीत शंका असेल तर बंद ठेवा.

लाखेच्या तबकड्यांकडे वळू. या तबकड्या लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एल.पी.साठी मिळणारं द्रावण, हँड सॅनिटायझर, चष्म्याचा स्प्रे, यातलं काहीही तबकडीला लावलंत तर खाचाच विरघळतील. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साध्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घ्या, मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं गोलाकार घासा, लेबल कोरडं ठेवा, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा धुवा, मायक्रोफायबरनं टिपा आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. भिजत ठेवायची नाही. कोलंबिया कंपनीच्या अनेक तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. तशीला चीर असेल तर पाणी आत शिरून ती फुगते, म्हणून ती कोरडीच पुसा. एखादी तबकडी वजनाला वेगळी लागली आणि कडेला किंवा मधल्या भोकात धातू दिसला तर ती कारखान्यात छापलेली नसून ध्वनिमुद्रण करतानाच थेट कापलेली, बहुधा एकुलती एक प्रत असते. तिला हात न लावता अभिलेखागाराशी बोला. एल.पी. मात्र व्हिनाइलच्या, त्यांना पाण्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल चालतं.

चावीचा ग्रामोफोन घरात असेल तर मोह होणारच. त्याच्या ध्वनिपेटीचं वजन सुईवर शंभर ग्रॅमच्या पुढे असतं आणि पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. तबकडीतली दगडाची भुकटी सुईला झिजवून खाचेच्या आकाराची करते. तीच सुई दुसऱ्या बाजूला वापरली की झिजलेल्या कडा खाचा खरवडतात. ज्या तबकडीच्या चार प्रती बाजारात सहज मिळतात ती कधीमधी वाजवा, दर बाजूला नवी सुई घालून. बाकीच्या विजेच्या टर्नटेबलवर. एल.पी.ला तर पोलादी सुई लावायचीच नाही, एका फेऱ्यात ती संपते.

टर्नटेबलवर सुईचं माप महत्त्वाचं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एल.पी.च्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉन असतं. ते या खाचेच्या तळाशी जाऊन बसतं, जिथे सत्तर वर्षांची धूळ साचली आहे, आणि दोन्ही भिंतींना नीट टेकतच नाही. मग नुसता खरखराट येतो आणि लोक म्हणतात, तबकडी खराब आहे. सुईवरचं वजन कार्ट्रिजप्रमाणे (सुई ज्यात बसते त्या भागाप्रमाणे) ३ ते ५ ग्रॅम. तबकडी मोनो असली तरी स्टिरिओ कार्ट्रिजनं दोन्ही चॅनेल वेगळे उतरवा. कधी एक भिंत झिजलेली असते आणि दुसरी चांगली, मग चांगली तेवढी ठेवता येते. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज केली की खालीवर होणारी खडखड आपोआप कमी होते. आणखी एक, आजच्या प्रीअँपमध्ये (टर्नटेबलचा दुबळा संकेत वाढवणाऱ्या यंत्रात) आरआयएए नावाची स्वरसमायोजनाची पद्धत असते, ती एल.पी.च्या काळातली. तिच्यातून ७८ची तबकडी वाजवली की १०,००० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ १४ डेसिबलची कात्री लागते आणि गायक गोधडीत गुंडाळल्यासारखा ऐकू येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये या समायोजनाचा उलटा वक्र देता येतो, तो देऊन पुढे जा.

आता वेग, कारण इथे सगळ्या गाण्याचाच प्रश्न येतो. '७८' हा आकडा पुढे ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या पुढपर्यंत कुठल्याही वेगाच्या सापडतात. वेग सहा टक्के चुकला की पट्टी अर्ध्या स्वरानं सरकते, म्हणजे पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये जातो. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८वर वाजवली की साधारण एवढाच फरक पडतो. नुसती पट्टी बदलत नाही, गळा बारीक होतो, गमक झटक्यासारखी वाटते, तानेला नसलेली धावपळ येते. अमुक गायकाचा आवाज पूर्वी किती बायकी होता, अशी मतं कित्येकदा चुकीच्या वेगावरून बनलेली असतात.

तपासायचं असं. आधी टर्नटेबल खरोखर ७८वर आहे का पाहा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघांची स्ट्रोब चकती असते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ आहे. एलईडी दिव्याखाली ही युक्ती बहुधा चालत नाही. मग तबकडीत पेटी असेल तर आपली नीट लावलेली पेटी घेऊन षड्ज जुळवा. षड्ज दोन पट्ट्यांच्या अधेमधे पडत असेल तर वेगावर संशय घ्या. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या चार-पाच तबकड्यांची पट्टी लिहून काढा. चार काळी दोनच्या आसपास आणि एकच पांढरी चारला असेल तर ती एक बहुधा चुकतेय. शेवटी कान. आवाजाचा पोत, श्वास घेण्याचा वेळ, शब्दांचा उच्चार. निर्णय काहीही घेतलात तरी मूळ फाइल ७८वरचीच ठेवा आणि दुरुस्त केलेल्या प्रतीच्या नोंदीत 'षड्ज काळी दोन धरून वेग ७५' असं लिहा, म्हणजे उद्या कुणाला तुमचा निर्णय पटला नाही तर परत जाता येईल.

कॅसेटमधल्या मैफलीचाही वेग चुकलेला असतो. तिथे वेगळी खूण सापडते. विजेवर चालणाऱ्या यंत्रानं ध्वनिमुद्रण केलं असेल तर मागे विजेची गुणगुण उतरलेली असते, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत १००. ऑडॅसिटीच्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये सर्वांत मोठं माप निवडा आणि गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा तपासा. १००ऐवजी १०४ला शिखर दिसलं तर फीत चार टक्के वेगानं धावते आहे. मात्र फीत थांबवूनही एकदा पाहा, नाहीतर तुमच्याच डेकची गुणगुण मोजाल. बॅटरीवर उतरवलेल्या मैफलीत वेगळाच घोळ असतो: सेल उतरत गेले की ध्वनिमुद्रणाचा वेग मंदावतो, म्हणून आज वाजवताना सूर हळूहळू चढत जातो. तेव्हा तानपुऱ्याचा षड्ज सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. गायक चढेल-उतरेल, पण जुळवलेला तानपुरा तासाभरात अर्धा स्वर चढत नाही.

उतरवताना तबकड्या आणि एल.पी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला, कॅसेटी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला पुरेत. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी, एमपी३ फक्त ऐकण्याच्या प्रतीसाठी. ९६ला तासाला साधारण २ जीबी लागतात, ४८ला १ जीबी. दीडशे कॅसेटी तासाभराच्या धरल्या तर दीडशे जीबी आणि दीडशे तास, कारण फीत दुप्पट वेगानं उतरवणं म्हणजे वरचे सूर घालवणं. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाजही शून्याखाली ६ ते १० डेसिबल राहील. आलापावरून पातळी ठरवू नका, द्रुत तानेला आणि तिहाईला आवाज एकदम उसळतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

आवाजाच्या 'सफाई'बद्दल माझं मत ठाम आहे: मूळ फाइलवर ती करायचीच नाही, आणि प्रतीवरही हात आखडता घ्यायचा. कारण तानपुरा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी नुसत्या खरखरीचा नमुना मागतं आणि मग त्या नमुन्याशी जुळणारं, एकसारखं चालू असलेलं सगळं कमी करतं. मैफलीच्या कॅसेटमध्ये लोक गायनाआधीचा 'शांत' तुकडा नमुना म्हणून देतात. त्या तुकड्यात तानपुरे चालू असतात. सॉफ्टवेअर इमानानं तानपुऱ्यालाच खरखर समजतं आणि तासभराच्या गाण्यातून जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा गुंजणारा नाद, पुसून टाकतं. उरतो तो पोकळीत गाणारा आवाज, आणि त्याचा प्रत्येक सूर एकाकी वाटतो. तबकडीवर संगीत सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतला सेकंदभराचा तुकडा घ्या, तोच खरा नमुना, आणि कपात ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नका. टिकटिक काढणाऱ्या साधनाचंही तसंच. तबल्याच्या किनारीवरचा 'ना' आणि तबकडीवरची टिचकी संगणकाला सारखीच दिसते. मोठ्या टिचक्या एकेक करून ऑडॅसिटीच्या 'रिपेअर'नं काढा. ते एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच काम करतं आणि तेवढंच हवं असतं. उरलेल्या खरखरीची कानाला पाच मिनिटांत सवय होते.

फाइलचं नाव आणि नोंद यात कंजुषी करू नका. गायक, राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल, पेटी-सारंगी-तबला कोणाचा, ठिकाण, तारीख, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू, कुठल्या डेकवर कधी उतरवलं. खात्री नसलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह. एकदा कुणी अंदाजानं 'पूरिया' लिहिलं आणि ते मारवा निघालं, की ती चूक प्रतीमागून प्रती जात राहते. नाव नसलेल्या कॅसेटीचा दोन मिनिटांचा तुकडा दोन-तीन जाणत्या श्रोत्यांना ऐकवा, आणि तिघांचं एकमत झालं तरी नोंदीत 'ऐकून ओळखलं' असं लिहा. देवनागरीतली नोंद एफएलएसीमध्ये व्यवस्थित राहते. जुन्या कार स्टिरिओत चौकोन दिसले तर तेवढ्यासाठी नोंद बदलू नका. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. घरी लिहिलेल्या सीडीवर भरवसा नको.

मूळ वस्तू फेकायच्या नाहीत. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. सत्तर तबकड्यांचं वजन पंधरा किलोच्या पुढे जातं, तेव्हा फळी मजबूत हवी आणि दर वीतभर अंतरावर आडोसा हवा. कॅसेटीच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेनं कॅसेटचे पारदर्शक डबे चिकट होतात. सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा.

दुसऱ्यांना ऐकवण्याबद्दल थोडक्यात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पद आणि चाल यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली, म्हणजे १९११च्या 'मानापमान'ची पदं आणि चाली आता मुक्त आहेत. मास्टर कृष्णराव मात्र १९७४ साली गेले, त्यांच्या चालींना अजून अवकाश आहे. खासगी मैफल कलाकाराच्या घरच्यांना विचारल्याशिवाय यूट्यूबवर टाकू नका. कलाकाराचा स्वतःचा हक्क असतोच, शिवाय ती मैफल त्यांनी चार माणसांसाठी गायलेली होती.

आता शोधाबद्दल. ॲप पुढे जे सुचवतं ते 'शांत सकाळ', 'ध्यान' असल्या नावांखाली. तिथे साथीदाराचं नाव नसतं, गुरूचं नसतं, साल बहुतेकदा पुनर्प्रकाशनाचं असतं आणि जुन्या ध्वनिमुद्रणावर कृत्रिम घुमाराही चढवलेला सापडतो. या संगीताच्या वाटा गुरूकडून शिष्याकडे आणि गायकाकडून साथीदाराकडे जातात, म्हणून तसंच ऐकावं.

सुरुवात तुमच्याच खोक्यातून करा. नाट्यसंगीताच्या तबकड्यांत बालगंधर्वांचं एखादं पद असणारच, आणि लेबलावर नाटकाचं नाव असतं. 'स्वयंवर' (१९१६) असेल तर चाल भास्करबुवा बखल्यांची. भास्करबुवा १९२२ साली गेले, त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेल्या या गायकाचं गाणं आपल्याला त्यांच्या चालींतून आणि शिष्यांतूनच ऐकावं लागतं. एक पद बालगंधर्वांचं ऐका, मग भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांचं गायन ऐका आणि दोघांत सामाईक काय आहे ते शोधा: शब्द कुठे तोडतात, मुखड्यावर (पदाच्या सुरुवातीच्या ओळीवर) कसे येतात. मग त्याच तबकडीत तबला कोण वाजवतंय ते पाहा. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष होते. तिथून थिरकवांच्या एकल वादनाकडे वाट जाते, आणि नाट्यपदाला दिलेली त्यांची साथ ऐकलेल्या माणसाला ते वादन परकं वाटत नाही.

दुसरी वाट किराणा घराण्याची. अब्दुल करीमखाँ १९३७ साली गेले. शेवटच्या काही वर्षांत ओडियन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी गायलेल्या तबकड्यांत भैरवीतली 'जमुना के तीर' आहे. ती तीन-साडेतीन मिनिटांची. सलग तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा फक्त षड्जाकडे लक्ष ठेवून: ते प्रत्येक वाक्य कुठे आणून ठेवतात, किती वेळ थांबतात. तिसऱ्यांदा हातावर ताल धरून, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते ते शोधत. मग भीमसेन जोशींची मैफलीतली तीच ठुमरी लावा. मध्ये सवाई गंधर्व आहेत, करीमखाँचे शिष्य आणि भीमसेनांचे गुरू. त्यांच्याही तबकड्या मिळतात. नंतर हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, गंगूबाई हनगल, फिरोझ दस्तूर. एकाच सुराच्या लावण्याला प्रत्येकानं काय वेगळं केलं हे महिनाभरात कळायला लागतं, आणि हे नुसत्या वाचनानं कळत नाही.

तिसरी वाट जयपूर-अत्रौलीची, जरा अवघड. अल्लादियाखाँ १९४६पर्यंत होते, तरी त्यांची तबकडी निघाली नाही. त्यांची तालीम केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकातून आलेल्या दोन गायिकांमधून ऐकावी, आणि मंजीखाँ-भूर्जीखाँकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांमधून. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली म्हणून तीच सगळ्यांना ठाऊक असते. तुम्ही त्यांचे ख्याल ऐका. तीन मिनिटांच्या तबकडीतही श्वास न तुटता तान तालाच्या एका आवर्तनातून (पूर्ण फेऱ्यातून) दुसऱ्यात कशी जाते ते पाहण्यासारखं आहे. या घराण्याचे बरेच राग जोडराग (दोन राग मिळून झालेले) असतात, ओळखू आले नाहीत तर अडून बसू नका. आधी आवर्तन मोजा. स्वर किती मात्रांवर पसरलेत हे कळलं की राग पुढच्या ऐकण्यात उलगडतो.

आणि तुमच्या हस्तलिखित कॅसेटींत यांच्यापैकी कुणाची मैफल निघाली, तर ती उतरवून झाल्यावर त्याच रागाची त्याच कलाकाराची छापील तबकडी शेजारी ठेवून ऐका. तबकडीत बंदिश ताबडतोब सुरू होते कारण हाताशी तीनच मिनिटं असतात. मैफलीत तोच मुखडा पंधराव्या मिनिटाला कुठल्या कोपऱ्यातून येतो, पेटीवाला तिथे का थांबतो, समोरून दाद कुठे येते, हे नोंदवहीत वेळेच्या आकड्यासह लिहून ठेवा.